ऊनकोटी : त्रिपुरातील डोंगरकपारीतील शैव शिल्पे – दर्शन, आकलन आणि जतन

सारांश
ईशान्य भारतातील त्रिपुरा राज्याच्या उत्तर भागात, कैलाशहरजवळील वनाच्छादित डोंगरकपारीत ऊनकोटी हे शैव शिल्पस्थान आहे. उघड्या कड्यावर कोरलेली भव्य शिल्पे आणि डोंगरमाथ्यावर सापडलेल्या सुट्या पाषाणमूर्ती असे त्याचे दुहेरी स्वरूप आहे. प्रस्तुत लेखात या स्थळाचे नाव, आख्यायिका, भौगोलिक स्थान, शिल्पवैशिष्ट्ये, सांस्कृतिक पार्श्वभूमी आणि जतनाचे प्रश्न यांचे विवेचन केले आहे. ऊनकोटीची दुर्गमता ही त्या स्थळाची मूळ अवस्था नसून ती अलीकडच्या इतिहासातून निर्माण झाली आहे, आणि तेथील पाणी, खडक व उपासना यांचा एकत्रित विचार केल्याशिवाय त्याचे जतन शक्य नाही, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : ऊनकोटी, शैलशिल्पे, त्रिपुरा, शैव परंपरा, अशोकाष्टमी, वारसा जतन.

प्रस्तावना

भारतीय शैलशिल्पांचा विचार करताना मराठी अभ्यासकाच्या डोळ्यांसमोर प्रथम येतात ती घारापुरी, वेरूळ, अजिंठा, कार्ले, भाजे ही सह्याद्री आणि त्याच्या शाखांमधील लेणी. डोंगर आतून पोखरून मंडप, स्तंभ, गर्भगृह निर्माण करणे ही या परंपरेची ओळख होय. त्यामुळे शैलशिल्प म्हणजे लेणे असे समीकरण आपल्या मनात नकळत तयार झालेले असते. या समीकरणाला छेद देणारे स्थळ म्हणजे ऊनकोटी होय. येथे डोंगर पोखरलेला नाही, खांब नाहीत, गर्भगृह नाही. डोंगराचा उघडा कडा हाच मूर्तीचा देह आहे आणि भोवतालचे अरण्य हाच तिचा मंडप आहे.

डिसेंबर २०२२ मध्ये ऊनकोटीच्या शैलशिल्पांचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या भारताच्या संभाव्य यादीत झाला. त्याच वेळी गुजरातमधील वडनगर आणि मोढेराचे सूर्यमंदिर यांचीही नोंद त्या यादीत झाली. त्यानंतर या स्थळाविषयीचे कुतूहल वाढले असले, तरी उपलब्ध लेखन बहुतांशी आख्यायिका आणि प्रवासवर्णन यांच्या पलीकडे जात नाही. इतिहास, भूगोल, भाषा, कला आणि पर्यावरण या विद्याशाखांच्या सीमेवर उभे असलेले हे स्थळ बहुविद्याशाखीय आकलनाची अपेक्षा करते. त्या दिशेने मांडणी करण्याचा हा प्रयत्न आहे.

नाव आणि आख्यायिका

‘ऊनकोटी’ हा शब्द संस्कृत आहे. ‘ऊन’ म्हणजे उणे, कमी. ‘कोटी’ म्हणजे शंभर लक्ष. कोटीस एक उणे, असा त्याचा परंपरेने लावला जाणारा अर्थ होय. मराठी वाचकाला हा ‘ऊन’ परका नाही. एकोणीस, एकोणतीस, एकोणसाठ या संख्यावाचक शब्दांत तोच आहे. एकोणीस म्हणजे ‘एक-ऊन-विंशति’, एकाने उणे असलेले वीस. ‘उणीव’, ‘उणेदुणे’ हे शब्दही त्याच कुळातील आहेत. बंगालीत एकोणिसाला ‘उनीश’ म्हणतात, तेथेही हाच घटक दिसतो. कोकबोरोक या त्रिपुरातील मूळ रहिवाशांच्या भाषेत या स्थळाला ‘सुब्राई खुंग’ म्हणतात. सुब्राई हे तेथे शिवाचे नाव मानले जाते. एकाच डोंगराला संस्कृत आणि कोकबोरोक अशी दोन नावे असणे, ही गोष्ट या स्थळाच्या सांस्कृतिक घडणीविषयी पुष्कळ काही सांगून जाते.

या नावामागे दोन आख्यायिका सांगितल्या जातात. पहिलीनुसार, भगवान शिव एक कोटी देवदेवतांसह काशीस निघाले असता त्यांनी वाटेत येथे मुक्काम केला. सूर्योदयापूर्वी सर्वांनी उठून मार्गस्थ व्हावे, अशी आज्ञा त्यांनी दिली. पहाटे स्वतः शिवावाचून कोणीही जागे झाले नाही. शिव एकटेच पुढे गेले आणि झोपलेल्या सर्वांना त्यांनी पाषाण होण्याचा शाप दिला. कोटीतून एक वजा झाला, तो असा. दुसऱ्या आख्यायिकेचा नायक कल्लू कुम्हार नावाचा शिल्पकार आहे. शिव-पार्वतीसह कैलासाला जाण्याचा त्याने हट्ट धरला. एका रात्रीत एक कोटी मूर्ती घडवाव्यात, अशी अट त्याला घालण्यात आली. रात्रभर तो राबला. उजाडले तेव्हा एक मूर्ती कमी भरली. त्याला मागे ठेवून देव निघून गेले.

या दोन कथांमध्ये लक्षणीय अंतर आहे. पहिल्या कथेत मूर्तींना कर्ता नाही. त्या शापित देवता आहेत. दुसरीत मूर्ती मानवी श्रमातून घडल्या आहेत आणि ते श्रम करणारा कारागीर वर्गातील आहे. त्याचे कौशल्य अलौकिक आहे, परंतु त्याला देवांच्या पंक्तीत स्थान मिळत नाही. लोकपरंपरेने या शिल्पांच्या निर्मात्याची स्मृती दैवी कथेला समांतर अशी जपून ठेवली आहे, असे म्हणता येते. प्रत्यक्षात येथील मूर्तींची संख्या कोटीच्या जवळपासही नाही. ‘कोटी’ हा येथे अगणिताचा वाचक आहे, मोजणीचा नाही. तथापि त्या अगणितालाही एकाची उणीव जोडून देणे, ही लोककल्पनेची खरी खूण आहे.

स्थान आणि दुर्गमतेचा इतिहास

त्रिपुराचा भूप्रदेश दक्षिणोत्तर पसरलेल्या समांतर डोंगररांगांचा आणि त्यांमधील खोऱ्यांचा बनलेला आहे. पश्चिमेकडून पूर्वेकडे जाताना बारामुरा, आठारामुरा, लोंगतराई, साखान आणि जम्पुई या रांगा ओलांडाव्या लागतात. ऊनकोटीचा डोंगर राज्याच्या उत्तर भागात, कैलाशहरपासून सुमारे ८ किलोमीटर अंतरावर आहे. राजधानी आगरतळ्यापासून हे अंतर सुमारे १७८ किलोमीटर भरते. हा भाग पूर्वी उत्तर त्रिपुरा जिल्ह्यात मोडत असे. जानेवारी २०१२ मध्ये राज्यात चार नवे जिल्हे निर्माण झाले, तेव्हा या शिल्पस्थानाचेच नाव नव्या जिल्ह्याला देण्यात आले आणि कैलाशहर हे त्याचे मुख्यालय झाले.

आज मुंबई-पुण्याकडून जाणाऱ्या अभ्यासकाला हे स्थळ देशाच्या पार टोकाला असल्यासारखे वाटते. परंतु नकाशा थोडा बारकाईने पाहिला असता वेगळे चित्र दिसते. कैलाशहरजवळून वाहणारी मनू नदी उत्तरेकडे जाते आणि आजच्या बांगलादेशातील मौलवीबाजार जिल्ह्यात कुशियारा नदीला मिळते. ऊनकोटीचा डोंगर हा श्रीहट्टच्या, म्हणजे सिल्हेटच्या सुपीक मैदानाच्या काठावरचा डोंगर आहे. सुरमा-कुशियारा-मेघना ही नदीप्रणाली प्राचीन काळापासून वाहतुकीचा राजमार्ग होती. शिल्पे कोरली गेली त्या काळात मैदानातून नदीमार्गाने येणाऱ्या यात्रेकरूला हे स्थान दूर नव्हते. मैदान संपते आणि अरण्य सुरू होते, त्या सीमारेषेवर ते होते. तीर्थक्षेत्रासाठी अशी जागा निवडणे भारतीय परंपरेशी सुसंगतच आहे.

ही स्थिती १९४७ मध्ये पालटली. फाळणीनंतर सिल्हेटचा बहुतांश भाग पूर्व पाकिस्तानात गेला आणि मैदान व डोंगर यांच्यामध्ये आंतरराष्ट्रीय सीमा आली. आसाम-बंगाल रेल्वेचा मार्ग ज्या मैदानातून जात होता, ते मैदानच परदेश झाले. त्रिपुरा संस्थान १५ ऑक्टोबर १९४९ रोजी भारतात विलीन झाले, तेव्हा उर्वरित देशाशी असलेला त्याचा संपर्क आसाममधून जाणाऱ्या चिंचोळ्या डोंगरी मार्गापुरता उरला होता. पुढे विसाव्या शतकाच्या अखेरीस सशस्त्र बंडखोरीमुळे आगरतळा ते आसाम या महामार्गावर वाहनांना सुरक्षादलांच्या संरक्षणात, ताफ्याने प्रवास करावा लागे. १९९७ मध्ये राज्यात लागू झालेला सशस्त्र दलांसंबंधीचा विशेषाधिकार कायदा २०१५ मध्ये मागे घेण्यात आला. आगरतळ्याला रेल्वे २००८ मध्ये पोहोचली आणि ब्रॉडगेज सेवा २०१६ मध्ये सुरू झाली. आता कुमारघाट किंवा धर्मनगर या स्थानकांवर उतरून रस्त्याने ऊनकोटीस जाता येते.

हा तपशील येथे देण्याचे प्रयोजन आहे. ‘जंगलात हरवलेले रहस्यमय शिल्पस्थान’ अशा शब्दांत ऊनकोटीचे वर्णन वारंवार केले जाते. त्या वर्णनामुळे असा समज होतो की कोणी अज्ञात समूहाने लोकवस्तीपासून दूर, निर्जन अरण्यात ही शिल्पे कोरली. वस्तुतः अरण्य होते, परंतु निर्जनता नव्हती. स्थळ जागच्या जागी राहिले. त्याच्याकडे येणारी वाट तुटली.

शिल्पांचे स्वरूप

ऊनकोटीतील शिल्पांचे दोन स्पष्ट वर्ग पडतात. पहिला वर्ग कड्यावरच कोरलेल्या उत्थित शिल्पांचा, तर दुसरा स्वतंत्र शिळांवर घडवलेल्या सुट्या मूर्तींचा आहे.

पहिल्या वर्गातील सर्वांत प्रसिद्ध शिल्प म्हणजे ‘ऊनकोटीश्वर काळभैरव’ होय. हे शिवाचे भव्य मुखशिल्प असून त्याची उंची सुमारे ३० फूट आहे. त्यापैकी केवळ मुकुटच सुमारे १० फूट उंचीचा आहे. घारापुरीच्या सदाशिवाची उंची सुमारे १८ फूट आहे, हे लक्षात घेतल्यास या शिल्पाच्या आकारमानाची कल्पना येते. मात्र दोहोंतील साम्य आकारापाशीच संपते. घारापुरीचा शिव अर्धोन्मीलित नेत्रांचा, अंतर्मुख, त्रिमितीय घडणीचा आहे. ऊनकोटीश्वर समोर पाहतो. त्याचे डोळे विस्फारलेले आहेत, कपाळी तिसरा नेत्र आहे, कानांत मोठी कुंडले आहेत आणि मुकुटावर भरतकामासारखी दाट नक्षी आहे. चेहऱ्याची घडण उठावापेक्षा रेषेवर अधिक अवलंबून आहे. खडकावर खोल रेघा ओढून आकृती सिद्ध केल्यासारखी ती दिसते. मुकुटाच्या दोन्ही बाजूंस दोन पूर्णाकृती स्त्रीप्रतिमा आहेत. त्यांतील सिंहारूढ प्रतिमा दुर्गेची मानली जाते. शिल्पासमोर नंदीच्या तीन मोठ्या प्रतिमा जमिनीत अर्ध्या गाडलेल्या अवस्थेत आहेत. डोंगरउतारावरून वाहून येणाऱ्या मातीमुळे मूळ भूपृष्ठ उंचावत गेले असावे, याची साक्ष त्यांतून मिळते. आज दिसणारी पातळी ही मूळ पातळी नव्हे, हे भान पाहणाऱ्याने ठेवले पाहिजे.

दुसरा लक्षणीय समूह गणेशाचा आहे. वाहत्या झऱ्याच्या काठी खडकावर गणेशाची विशाल आसनस्थ प्रतिमा कोरलेली असून तिच्या जवळच गजमुख असलेल्या उभ्या आकृती आहेत. त्यांच्या सुळ्यांची संख्या नेहमीच्या गणेशमूर्तीहून अधिक आहे. महाराष्ट्रात गणेशाची जी रूपे परिचित आहेत, त्यांत न बसणारी ही मूर्तिकल्पना मूर्तिशास्त्राच्या अभ्यासकाने स्वतंत्रपणे तपासण्यासारखी आहे. पाऊस झाल्यावर या शिल्पांवरून पाणी ओघळते आणि खालच्या कुंडात साठते. येथे पाणी हा शिल्परचनेचाच एक घटक झाला आहे.

दुसऱ्या वर्गातील सुट्या मूर्ती डोंगरमाथ्यावर एकत्रित ठेवण्यात आल्या आहेत. त्यांत चतुर्मुख लिंग, विष्णू, हर-गौरी, नरसिंह, हनुमान, गणेश इत्यादींचा समावेश होतो. या मूर्तींचे प्रमाणबद्ध शरीर, अलंकरण आणि घडण बंगालमधील पाल-सेनकालीन शिल्पपरंपरेशी अधिक जवळीक दाखवते. साहजिकच कड्यावरची शिल्पे आणि सुट्या मूर्ती एका हाताने, एका काळात घडल्या नाहीत, हे स्पष्ट होते.

काळ आणि सांस्कृतिक पार्श्वभूमी

निर्मात्या राजाचे नाव सांगणाऱ्या कालनिर्देशित लेखाच्या अभावी येथील कालनिश्चिती प्रामुख्याने शैलीच्या आधारे केली जाते. कड्यावरील शिल्पे सर्वसाधारणपणे इ. स. सातवे ते नववे शतक या काळातील आणि सुट्या मूर्तींपैकी अनेक अकराव्या-बाराव्या शतकातील मानल्या जातात. याचा अर्थ असा की दख्खनमध्ये राष्ट्रकूट नृपती पहिला कृष्ण याच्या काळात वेरूळचे कैलास लेणे आकार घेत होते, त्याच सुमारास ईशान्येतील या डोंगरातही ‘कैलासा’च्या वाटेवरील शिव कोरला जात होता. दोहोंमध्ये थेट संबंध जोडण्याचे कारण नाही. शैव धर्माचा त्या काळातील भौगोलिक विस्तार केवढा होता, हे मात्र या समकालीनत्वावरून ध्यानात येते.

बंगालच्या गाळाच्या मैदानात दगड दुर्मीळ आहे. तेथील प्राचीन वास्तू मुख्यत्वे विटांच्या आणि शिल्पे पुष्कळ अंशी भाजलेल्या मातीची आहेत. आगरतळ्याच्या नैऋत्येस, आजच्या बांगलादेशातील कुमिल्लाजवळ असलेल्या मैनामती येथील बौद्ध विहार हे त्याचे ठळक उदाहरण होय. दक्षिण त्रिपुरातील पिलाक येथे हिंदू आणि बौद्ध अशा दोन्ही परंपरांची शिल्पे मिळाली असून तेथील मृत्तिकाफलकांचे मैनामतीशी साम्य आहे. कामरूपात गुवाहाटी परिसरात ब्रह्मपुत्रेच्या काठी खडकांवर मूर्ती कोरलेल्या आढळतात. विटांची वास्तुपरंपरा असलेले समतट आणि खडकात मूर्ती कोरणारे कामरूप यांच्या दरम्यान ऊनकोटी उभे आहे. आकारमानाच्या दृष्टीने मात्र या संपूर्ण पट्ट्यात त्याला जोड नाही.

सिल्हेट परिसरातील ताम्रपट या पार्श्वभूमीवर फार महत्त्वाचे ठरतात. निधनपूर येथे सापडलेल्या सातव्या शतकातील ताम्रपटांत कामरूपाचा राजा भास्करवर्मा याने आपला पूर्वज भूतिवर्मा याने ब्राह्मणांना दिलेल्या दानाचे नूतनीकरण केल्याची नोंद आहे. मौलवीबाजार जिल्ह्यात, म्हणजे ऊनकोटीच्या अगदी शेजारच्या मैदानात, पश्चिमभाग येथे सापडलेला ताम्रपट दहाव्या शतकातील चंद्र घराण्याचा राजा श्रीचंद्र याचा आहे. श्रीचंद्र स्वतः बौद्ध होता. तथापि या ताम्रपटाद्वारे त्याने सुमारे ६००० ब्राह्मणांना आणि मठांना भूमिदान केले. त्या मठांशी संबंधित देवतांमध्ये महाकालाचाही उल्लेख येतो. अरण्याच्या कडेची जमीन लागवडीखाली आणणे, तेथे नवी वसाहत स्थापणे आणि तिला धार्मिक अधिष्ठान देणे, ही प्रक्रिया या भूभागात कित्येक शतके चालली होती. ऊनकोटीचा भैरव या प्रक्रियेच्या सीमेवर, शेतजमीन आणि अरण्य यांच्या संधिस्थानी उभा आहे.

यावरून शिल्पशैलीचाही उलगडा काही अंशी होऊ शकतो. कड्यावरील आकृतींचे विस्फारित डोळे, सपाट उठाव, चेहरेपट्टी आणि अलंकार अभिजात गुप्तोत्तर शैलीशी जुळत नाहीत. त्यांत स्थानिक आदिवासी कलासंवेदनेचा ठसा असल्याचे मत अनेकदा मांडले गेले आहे. देवता पौराणिक, परंतु तिला पाहणारी नजर स्थानिक, असा हा संगम आहे. ‘शास्त्रशुद्ध मूर्ती न जमल्याने ओबडधोबड काम झाले’ असा निष्कर्ष काढणे म्हणजे एका प्रदेशाच्या मापाने दुसऱ्या प्रदेशाची कला मोजणे होय. मुकुटावरील नक्षीची सफाई पाहिली की हात कसलेला होता याविषयी शंका उरत नाही.

खडक, पाणी आणि झीज

सह्याद्रीतील लेणी बेसाल्ट या कठीण अग्निजन्य खडकात आहेत. ऊनकोटीचा खडक वालुकाश्म आहे. भूवैज्ञानिक दृष्ट्या तरुण असलेला हा गाळाचा खडक मऊ व ठिसूळ असतो. तो कोरण्यास सोपा, म्हणूनच एवढ्या मोठ्या प्रमाणावरचे काम शक्य झाले. आणि त्याच कारणाने ते झिजतेही लवकर. निर्मितीला अनुकूल ठरलेला गुणच जतनाला प्रतिकूल ठरावा, असा हा पेच आहे.

त्रिपुरात वर्षाकाठी सरासरी २००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पाणी वालुकाश्माच्या सच्छिद्र अंगात मुरते आणि कणांना धरून ठेवणारा बंध सैल करते. ओले होणे आणि वाळणे या चक्रात पृष्ठभागाचे पापुद्रे सुटतात. दमट हवेत शेवाळ आणि दगडफूल वाढते. खडकाच्या भेगांत झाडांची मुळे शिरतात आणि जाड होत जाऊन भेग रुंदावतात. झाड तोडले तरी आत राहिलेले मूळ कुजते आणि त्या पोकळीतून पाणी आणखी आत जाते. यात भर म्हणजे हा प्रदेश अतिशय तीव्र भूकंपप्रवण आहे. १२ जून १८९७ चा आसामचा महाभूकंप आणि ८ जुलै १९१८ चा श्रीमंगल येथील भूकंप हे त्याचे दाखले होत. श्रीमंगल तर सीमेपलीकडे, कैलाशहरहून फारसे दूर नाही.

वरवर पाहता उपाय सोपा दिसतो : शिल्पांवरून वाहणारे पाणी वळवावे, झाडे काढावीत, वर छत घालावे. परंतु झरा वळवला तर गणेशाच्या पायांखालचे वाहते पाणी जाईल आणि कुंड कोरडे पडेल. झाडे सरसकट काढली तर उतारावरची माती मोकळी होऊन दरडींचा धोका वाढेल. कड्यावर छत उभारले तर उघड्या आकाशाखालील शिल्प ही त्याची ओळखच पुसली जाईल. म्हणून येथे प्रत्येक उपाय दोन तराजूंत तोलावा लागतो. शिल्पांच्या वरच्या अंगाला पावसाचे पाणी अडवून ते हळूहळू वाटून देणे, निवडक झाडांचीच मुळे नियंत्रित करणे, ठरावीक कालांतराने त्रिमितीय मोजणी करून झिजेचा वेग नोंदवणे, असे सौम्य आणि सातत्याचे उपाय अधिक इष्ट ठरतात. आज दिसणारी एखादी कोरीव रेघ पुढील पिढीला दिसेल की नाही, हे अशा नोंदींवर अवलंबून आहे. नोंदच नसेल, तर काय गमावले हेही कळणार नाही.

पूजास्थान आणि संरक्षित स्मारक

ऊनकोटी हे केंद्रीय संरक्षित स्मारक असून त्याची देखभाल भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडे आहे. १९५८ चा प्राचीन स्मारकविषयक कायदा येथे लागू आहे. २०१० मधील दुरुस्तीनुसार संरक्षित क्षेत्राच्या सीमेपासून १०० मीटरपर्यंत बांधकामास मनाई आणि त्यापुढील २०० मीटरपर्यंत नियंत्रण आहे. त्याच वेळी हे जिवंत उपासनास्थानही आहे. चैत्र शुद्ध अष्टमीस, म्हणजे रामनवमीच्या आदल्या दिवशी, येथे अशोकाष्टमीची मोठी यात्रा भरते. हजारो भाविक येतात आणि कुंडात स्नान करतात. पूर्व भारतात ही तिथी विशेष पवित्र मानली जाते; भुवनेश्वरला याच दिवशी लिंगराजाची रथयात्रा निघते, तर बांगलादेशातील लांगलबंद येथे ब्रह्मपुत्रेत अष्टमीस्नान होते. ऊनकोटीची यात्रा ही या विस्तृत प्रादेशिक परंपरेचाच भाग होय. मकरसंक्रांतीच्या सुमारासही येथे लहान प्रमाणावर मेळा भरतो. यात्रेत मैदानी भागातील बंगाली भाविकांप्रमाणेच डोंगराळ भागातील आदिवासी समाजही सहभागी होतो.

पुरातत्त्वाच्या दृष्टीने शेंदूर, तेल, धूप आणि हजारो पावलांची वर्दळ ही हानीची कारणे आहेत. श्रद्धेच्या दृष्टीने कुंपण हा अडथळा आहे. यांतील एकच बाजू खरी मानणे सोपे, पण चुकीचे ठरेल. वाट तुटलेल्या काळातही या स्थळाची स्मृती टिकली, ती संशोधनामुळे नव्हे, यात्रेमुळे. दुसरीकडे, मऊ दगड श्रद्धा आणि अनास्था यांत भेद करत नाही. वारंवार हाताळल्याने तो सारखाच झिजतो. म्हणून पूजेचे स्थान आणि मूळ शिल्प यांत थोडे अंतर राखणे, यात्राकाळातील वाटा ठरवून देणे आणि या निर्णयांत स्थानिक पुजारी, ग्रामस्थ व आदिवासी प्रतिनिधी यांना सहभागी करून घेणे आवश्यक आहे.

संभाव्य यादीतील नोंद हा जागतिक वारशाचा दर्जा नव्हे. नामांकन सादर करण्यापूर्वी स्थळ किमान एक वर्ष या यादीत असावे लागते. त्यानंतर वैश्विक मूल्य, अखंडता, अस्सलपणा आणि व्यवस्थापन आराखडा यांची कसोटी असते. २०२४ मध्ये आसाममधील चराईदेव येथील मोईदाम या आहोमकालीन दफनस्थळांना हा दर्जा मिळाला, तर २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेशातील १२ किल्ल्यांना तो मिळाला. त्यांतील ११ किल्ले महाराष्ट्रात आहेत. दर्जा मिळाल्यावर गर्दी आधी येते आणि व्यवस्था मागून, हा धोका डोंगरी किल्ल्यांना जसा आहे तसाच ऊनकोटीलाही आहे. फरक इतकाच की तेथील दगड वाट पाहू शकत नाही.

अभ्याससहलीच्या दृष्टीने काही सूचना

महाविद्यालयीन अभ्याससहलीसाठी ऑक्टोबर ते मार्च हा काळ सोयीचा आहे. पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या होतात. शैव उपासनेचे सामाजिक रूप पाहावयाचे असल्यास अशोकाष्टमीच्या आसपासचा काळ निवडावा. शिल्पांचे निरीक्षण करावयाचे असल्यास तो टाळावा. प्रथम संपूर्ण कडा दुरून न्याहाळावा, मग पायऱ्यांनी उतरून गणेशसमूह आणि झरा पाहावा व शेवटी माथ्यावरील सुट्या मूर्ती पाहाव्यात. या क्रमाने दोन शैलींतील भेद आपोआप लक्षात येतो. शिल्पांना स्पर्श करणे, खडूने रेषा ठळक करणे किंवा पाणी शिंपडून छायाचित्र घेणे कटाक्षाने टाळावे. शक्य असल्यास पिलाकची भेट याच अभ्यासाला जोडावी. भाषा विभागाने आख्यायिकांची स्थानिक रूपे, भूगोल विभागाने पाण्याचे प्रवाह व उतार आणि इतिहास विभागाने मूर्तींची वर्गवारी असा कार्यविभाग केल्यास सहल केवळ पर्यटन न राहता सामूहिक अध्ययन होईल.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. ऊनकोटी हे एकाकी रहस्यस्थान नसून श्रीहट्टचे मैदान, कामरूप आणि समतट यांच्या सांस्कृतिक प्रवाहांशी जोडलेले शैव तीर्थ होते. त्याची आजची दुर्गमता प्रामुख्याने १९४७ नंतरच्या राजकीय भूगोलाची निर्मिती आहे. तेथील शिल्पांत पौराणिक देवता आणि स्थानिक कलादृष्टी यांचा मेळ आढळतो. तसेच वालुकाश्म, वाहते पाणी, वनस्पती आणि उपासना हे घटक परस्परांत इतके गुंतलेले आहेत की यांपैकी एकालाच वाचवू पाहणारा उपाय दुसऱ्याला बाधक ठरतो. कल्लू कुम्हाराच्या कथेत एक मूर्ती घडायची राहिली. प्रत्यक्षातील चिंता मात्र घडलेल्या मूर्ती पुसट होण्याची आहे. ईशान्य भारताचा प्राचीन इतिहास आपल्या अभ्यासक्रमांत आजही मोजक्या परिच्छेदांपुरता येतो. तो विस्तारण्याची जबाबदारी अध्यापकांची आहे, आणि त्यासाठी ऊनकोटीसारखे दुसरे पाठ्यसाधन क्वचितच मिळेल.